पाळकसाहेबांनी पन्नाशीनंतर पुन्हा शिकायला जायचं म्हटलं तर मंडळीनं काय करावं?

शेवटचा_बाक

सगळ्यांना सलाम.

आमची मंडळी (म्हणजे चर्च) कोल्हापुरातली, ना मोठी ना लहान. रविवारी पाऊणशे-शंभर माणसं, नाताळला मात्र दारात चपला काढायला जागा नसते. मी कमिटीचा चिटणीस. गेल्या रविवारच्या बैठकीत पाळकसाहेबांनी अर्ज ठेवला. वय ५३, पाळकपदाची (धर्मगुरूपदाची) दीक्षा होऊन पंचवीस वर्षं झालेली. मागणी एवढीच की दोन महिने रजा द्यावी, बाहेरगावी समुपदेशनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे आणि निम्मी फी मंडळीनं उचलावी. निम्मी ते स्वतः भरणार.

अर्ज वाचून संपायच्या आत खजिनदार बोलले, "शिकूनच आलेले की हे. आता परत काय शिकायचं?" दुसऱ्यांना काळजी, आठ रविवार उपासनेत संदेश (प्रवचन) कोण देणार? तिसरे म्हणाले, शिकून आले की मोठ्या मंडळीत जातील, आपण फी भरून दुसऱ्याचं भलं करायचं. तिघं बाजूनं, तिघं विरोधात, आणि एक एल्डर (मंडळीचे वडीलधारे कारभारी) बैठकीत झोपले होते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं लहान वर्कशॉप आहे. सीएनसी मशीन घेतलं तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. माझ्या पोराच्या वयाच्या इंजिनिअरसमोर वही घेऊन बसलो. लाज वाटली, पण नसतो बसलो तर आज शटर खाली असतं. म्हणून मन अर्जाच्या बाजूनं आहे. पण मंडळीचा पैसा म्हणजे भाजी विकणाऱ्या मावशींचं दान आहे, तेही विसरता येत नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे? अनुभव सांगा.

तांबडा_पांढरा

रुमाल टाकून ठेवतो. झोपलेल्या एल्डरांचं मत कुणाच्या बाजूनं धरलं?

शेवटचा_बाक

तटस्थ. इतिवृत्तात तसंच लिहिलंय.

कावळा_नाका

विरोधी मत मांडतो, रागावू नका. डॉक्टरला शिकावं लागतं कारण औषधं बदलतात. वकिलाला शिकावं लागतं कारण कायदा बदलतो. तुमचं वर्कशॉप म्हणाल तर मशीन बदललं. पवित्र शास्त्र बदललंय का? ज्याला पाचारण (देवाचं बोलावणं) आहे त्यानं गुडघ्यावर जास्त वेळ घालवावा. मी लहान असताना आमचे पाळक सायकलवरून घरोघर यायचे, सगळ्या पोरांची नावं पाठ. कसला कोर्स नव्हता त्यांचा. आता पाळक सेमिनारला जातात आणि आजारी माणसाला बघायला फोनवर वेळ घेऊन येतात.

बीडी_अर्धवट

@कावळा_नाका, सायकलवाल्या पाळकांबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'शास्त्र बदललं नाही' इथं थोडं थांबू.

इंग्रज मिशनरी विल्यम केरीनं बायबलचा मराठी नवा करार छापला १८११ मध्ये. तो आज आपल्या उपासनेत वाचला तर पहिल्या ओळीला माणसं एकमेकांकडे बघतील. वचन तेच, ऐकणारे कान बदलले. आणि हा केरी मूळचा चांभारकाम करणारा. लॅटिन, ग्रीक, हिब्रू स्वतःच शिकला, मग बंगाली आणि संस्कृत. आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं, तेही पंडित वैजनाथ शर्मांकडून भाषा शिकून. गुडघ्यावर वेळ घालवला नसेल असं कोण म्हणेल? दोन्ही केलं.

आपल्या घरचंच उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. संस्कृतात ज्या बाईला 'सरस्वती' पदवी मिळाली, ती पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. का? तर मूळ भाषेतून साध्या मराठीत बायबल आणायचं, खेड्यातल्या बाईला कळेल असं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल छापून झालं १९२४ ला, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात. अनाथ म्हणून आलेल्या मुलींनी छपाईचे खिळे जुळवले. तुमच्या खजिनदारांना सांगा, ५३ म्हणजे काहीच नाही.

(मी स्वतः बी.डी., म्हणजे पाळकांची धर्मशास्त्राची पदवी, अर्धवट सोडलेला माणूस आहे, त्यामुळे मला शहाणपण शिकवायचा पूर्ण अधिकार आहे.)

मिरजेची_सिस्टर

मी ३१ वर्षं नर्सिंग केलं. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट (गुण) मिळवावे लागतात. न मिळवणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का? मग ज्याच्याकडे आपण नवरा-बायकोचं भांडण, पोराचं दारूचं व्यसन, कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन जातो, त्याला पंचवीस वर्षांपूर्वीच्या वहीवर का सोडायचं?

वॉर्डात बघितलेलं सांगते. एक तरुण पाळक आले होते. पेशंटला नुकतंच कळलेलं की पाय काढावा लागणार. यांनी येऊन स्तोत्र वाचलं, मोठ्यानं प्रार्थना केली, बरं होणार म्हणून सांगितलं आणि निघाले. पेशंट रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी आमच्या आयाबाई त्याच्याजवळ नुसत्या बसल्या, हात धरून. एक शब्द बोलल्या नाहीत. तो झोपला. आयाबाईंना ते आपोआप आलं. पाळकांना शिकवावं लागेल, कारण त्यांना 'बोलायचं' हेच शिकवलेलं असतं.

पाळकीणबाई

मी या धाग्यावर लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

माझे यजमान बावीस वर्षं पाळक होते, पाच मंडळ्यांत. ते गेले त्याला सात वर्षं झाली. पाळकगृहात राहणं काय असतं ते फक्त पाळकाच्या बायकोला आणि पाळकगृहाच्या गळक्या छपराला माहीत. रात्री दोनला फोन आला तर तो मयताचाच, नाहीतर पोलीस ठाण्यातला. एका दिवसात सकाळी बाप्तिस्मा, दुपारी मयत, संध्याकाळी साखरपुडा. तिन्ही ठिकाणी तोंड वेगळं ठेवायचं. घरी आल्यावर तोंडच राहत नाही.

त्यांनी एकदा असाच अर्ज केला होता, महिनाभरासाठी. गावाचं नाव सांगत नाही. कमिटीतले एक जण म्हणाले, "पाळकसाहेब, सुट्टीच पाहिजे तर सुट्टी म्हणा की." हसले सगळे. यजमानही हसले. अर्ज परत खिशात घातला आणि पुन्हा कधी काढला नाही. तो अर्ज मला त्यांच्या बायबलात सापडला, ते गेल्यावर.

कपाटात पुस्तकं होती, पण सगळी सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या) काळातली. नवीन पुस्तक घ्यायचं तर किराण्यातून काढावं लागायचं. खरं सांगू का, शिकायची इच्छा मरते ती वयानं नव्हे. रोज देत राहायचं आणि कुणी आत काही भरायचं नाही, अशानं मरते.

@मिरजेची_सिस्टर, तुमच्या आयाबाईंना माझा सलाम सांगा.

निपाणीची_लेक

🙏 पाळकीणबाई.

लग्नाचं_रजिस्टर

पेशानं वकील, म्हणून रुक्ष बोलतो. माझ्या मते पाळकांना सगळ्यात आधी कायदा शिकवा, समुपदेशन त्यानंतर.

आपल्याकडची लग्नं इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट, १८७२ खाली लागतात. त्यातलं कलम १० म्हणतं, लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत लावायचं. काही अपवाद आहेत, पण ते तुमच्या मंडळीला लागू आहेत का हे बघितल्याशिवाय धरून चालू नका. आता सांगा, हॉल मिळत नाही म्हणून रात्री साडेआठला लागलेली किती लग्नं तुम्ही जेवलात? माझ्याकडे एक जोडपं आलं, परदेशी जायचं म्हणून. रजिस्टरमध्ये साक्षीदाराची एकच सही, आणि नवरीच्या वयाचा आकडा खाडाखोड केलेला. पाळक देवमाणूस. पण देवमाणसाच्या खाडाखोडीपायी त्या पोरीनं आठ महिने चपला झिजवल्या.

दुसरं, घटस्फोट कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली, आता परस्पर संमतीनंही घटस्फोट घेता येतो. अजूनही 'आपल्यात ते होत नाही' असं सांगणारे पाळक भेटतात. धर्मशिक्षण म्हणून काय सांगायचं ते सांगा, पण कायदा म्हणून चुकीचं सांगू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संडे स्कूलच्या शिक्षकावरही आणि पाळकावरही. 'प्रार्थना करू, आपसात मिटवू' हा गुन्हा ठरू शकतो. हे कुठल्या सेमिनरीत पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं असेल? कायदाच नव्हता.

कावळा_नाका

@लग्नाचं_रजिस्टर, हे पटलं. तुम्ही म्हणता ते शिकायला एक शनिवार पुरे. दोन महिने कशाला?

लग्नाचं_रजिस्टर

कायद्याला शनिवार पुरे. सिस्टर म्हणतात ते नुसतं बसायला शिकायचं असेल तर दोन महिनेही कमीच पडतील.

पुणेरी_पाहुणा

चर्चा छान चालली आहे, पण कोणीच पर्याय सांगत नाहीये. माझ्या माहितीतले टाकतो.

बंगालमधलं सेरामपूर कॉलेज १८१८ चं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. त्याच्या सिनेटच्या पदव्या आपले बहुतेक पाळक घेतात. सिनेटचे बाह्य अभ्यासक्रमही आहेत, नोकरी करणाऱ्या साध्या ख्रिस्ती माणसांसाठी बी.सी.एस. ही पदवी आणि सेवेत असलेल्या पाळकांसाठी डी.मिन. ही वरची पदवी. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, मूळची यवतमाळची, १९८३ मध्ये पुण्यात आली. समुपदेशनासाठी वेल्लोरचं ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर जुनं आणि नावाजलेलं. घर न सोडता शिकायचं असेल तर बंगळूरची टॅफ्टी ही संस्था, १९७१ पासून. पुस्तक घरी वाचायचं, आठवड्यातून एकदा गटात बसून चर्चा.

आता सावधगिरी. काही ठिकाणी दोन दिवसांच्या सभेत पैसे भरून 'डॉक्टरेट' मिळते. झगा, टोपी, फोटो, सगळं पॅकेजमध्ये. सोमवारी बोर्डावर नावामागे डॉ. लागतं. अर्जासोबत संस्थेला मान्यता कुणाची आहे ते विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याला फी देऊ नका.

तांबडा_पांढरा

टोपी परत घेतात का घरी नेता येते?

पुणेरी_पाहुणा

झगा परत करावा लागतो. टोपीचं माहीत नाही. 😀

आजऱ्याचा_घनसाळ

मी सुवार्तिक हाय, म्हंजे गावोगाव येशूचा संदेश सांगणारा. दीक्षा न्हाई, पदवी न्हाई. आठवडाभर काजूच्या कारखान्यात, रविवारी तीन वाड्यांवर उपासना. तुमी दोन महिन्याच्या रजेवर भांडताय, आमाला दोन दिसाची रजा घ्यायची तर मजुरी बुडते. हे टोमणा म्हणून न्हाई बोलत. खरं हाय तेवढं सांगतो.

टॅफ्टीचं वर कुणी तरी लिवलंय. तसलाच एक गट आमी गडहिंग्लजला चालवला, सहा जणांचा. त्यात एक रिक्षावाला, एक अंगणवाडीताई, दोन शेतकरी. दर मंगळवारी रात्री. धडा घरनं करून यायचा. पहिल्या महिन्यात कुणीच करून येईना, सगळे एकमेकाच्या वहीत बघायचे. मग अंगणवाडीताईंनी दम दिला. तवापासनं ज्यानं धडा केला न्हाई त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. रिक्षावाल्याचे लई पैसे गेले.

आमच्या गटाला शिकवायला आलेल्या सरांनी सांगितलं व्हतं की ही पद्धत ग्वाटेमालात सुरू झाली, १९६३ ला, तिथल्या प्रेसबिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) सेमिनरीत. शहरात शिकलेली पोरं खेड्यात परत जाईनात, आणि खेड्यात जी माणसं मंडळी सांभाळत व्हती त्यांना बायकापोरं, शेती सोडून शहरात येता येईना. मग त्यांनी सेमिनरीच उचलून खेड्यात न्हेली. मला ते लई आवडलं. कोल्हापूरची मंडळी पण प्रेसबिटेरियन मुळाचीच की. साठ वर्षं झाली, आमच्याकडं अजून सेमिनरी उचलून कोण आणलं न्हाई.

तुमच्या पाळकसाहेबांना जाऊ द्या. पण आल्यावर त्यांनी एक मंगळवार आमच्याकडं यावं, अशी अट घाला.

शेवटचा_बाक

@आजऱ्याचा_घनसाळ, ही अट लिहून घेतली. खरंच.

कोडोलीची_नात

मी नुकतीच बी.डी. पूर्ण केली, अजून दीक्षा नाही. एका वेगळ्या बाजूनं बोलते.

चार वर्षं सगळं इंग्रजीत शिकले. परत आल्यावर कोडोलीला पहिला संदेश दिला. 'नीतिमान ठरणे', 'तारणाचा इतिहास', 'अंतिम काळाचं ईश्वरविज्ञान' असं बरंच काही. संपल्यावर आजी म्हणाली, "बाळा, छान बोललीस. आता जेवताना मला मराठीत सांग." मी मराठीतच बोलले होते! म्हणजे मला तसं वाटत होतं.

तेव्हापासून मी पुन्हा शिकतेय. कोर्स नाही, फी नाही. रोज ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग मोठ्यानं वाचते. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत, तर मीही तुकारामांची गाथा आणली. फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, परदेशी माणूस असून. मी कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेली, आणि मला दु:खावर बोलताना इंग्रजी पुस्तकातलं वाक्य आठवतं! लक्ष्मीबाई टिळकांनी तर शाळेत न जाता नवऱ्याचं, टिळकांचं, ख्रिस्तावरचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं केलं.

पाळकसाहेबांनी समुपदेशन शिकून यावंच. पण ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत ते परत बोलता यायला हवं. इंग्रजीत 'हाऊ डज दॅट मेक यू फील' हे शिकवतात. हे मराठीत विचारून बघा. समोरचा उठून जाईल. आपल्याकडे "जेवलास का?" असं विचारतात, आणि मग तासाभरानं सगळं बाहेर येतं.

मिरजेची_सिस्टर

@कोडोलीची_नात, अगदी. "झोप लागते का रात्री?" हाही चालतो.

निपाणीची_लेक

आणि "घरात कोण कोण असतंय?" एवढं विचारलं की आमच्याकडं पूर्ण कहाणी मिळते, शेजारच्यांच्या सकट.

कावळा_नाका

अवांतर. आपल्या गावाचा इतिहास बघता हा प्रश्नच पडायला नको होता, हे मीच मान्य करतो. मिशनरी वायल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले आणि शाळा काढण्यापासून सुरुवात केली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला, पुढे अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना मिशनकार्याकडे वळवणारी स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी करणाऱ्यांत तो होता. शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं काढून सगळ्या पोरांना शिकायला बसवलं. आणि आपण एका पाळकाला शिकायला पाठवायचं म्हटल्यावर खजिनदाराचं तोंड बघतोय.

तरी एक अट. शिकून आल्यावर तीन वर्षं याच मंडळीत राहायचं, असं लिहून घ्या.

लग्नाचं_रजिस्टर

बदली पाळक स्वतः करून घेतात का? बहुतेक ठिकाणी ती वरून होते. ज्याच्या हातात नाही त्याच्याकडून लिहून घेऊन काय उपयोग? घ्यायचंच तर वरच्यांकडून घ्या.

पाळकीणबाई

कावळा नाका, राग मानू नका, पण तुमच्या सायकलवाल्या पाळकांची बदली झाली तेव्हा कुणी लिहून घेतलं होतं का?

कावळा_नाका

नाही हो बाई. मी नववीत होतो. स्टँडवर सोडायला गेलो होतो. बरं, अट मागे.

तांबडा_पांढरा

कावळा नाक्यानं अट मागे घेतली! इतिवृत्तात घ्या!

शेवटचा_बाक

धाग्याला तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

मी इथले प्रतिसाद छापून बैठकीत नेले (नावं काढून). पाळकीणबाईंचा प्रतिसाद वाचला आणि नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. खजिनदार चष्मा पुसत बसले. मग त्यांनीच विचारलं, "निम्मी फी एकरकमी का दोन हप्त्यांत?"

मंजूर झालं. दोन हप्त्यांत. आल्यावर मंगळवारी गडहिंग्लजला जायचं. शिवाय वकील साहेबांनी कायद्याचा एक शनिवार घ्यायचा, सगळ्या कमिटीसह, त्यात एल्डरही बसणार. रजिस्टर आम्ही काढून बघितलं. मागच्या दहा वर्षांतलं काही इथं लिहिण्यासारखं नाही.

आठ रविवारांची यादीही झाली. दोन कोडोलीच्या ताईंना, दोन आजऱ्याच्या दादांना (मजुरी बुडणार नाही, तेवढं मंडळी देईल), एक स्त्री मंडळाला, एक निवृत्त हेडमास्तरांना. "संदेश कोण देणार?" हे ज्यांनी विचारलं होतं त्यांना सातवा. आणि पाचवा खजिनदारांना.

खजिनदार आता मला रोज रात्री फोन करतात. वीस मिनिटांच्या संदेशाची तयारी करायला किती वेळ लागतो म्हणून.

पाळकीणबाई

सांगू नका त्यांना. शनिवारी रात्री कळेल.

तांबडा_पांढरा

झोपलेल्या एल्डरांना रविवार नाही?

शेवटचा_बाक

ते तटस्थ आहेत.

आजऱ्याचा_घनसाळ

माजे दोन रविवार एकाला एक लागून नको. आणि आजऱ्यास्नं सकाळची पहिली गाडी किती वाजता पोचती ते बघून उपासनेची येळ ठेवा.